माळ्यावरचा संगणक : दुरुस्तीच्या बाजूने पाहिलेला इतिहास

#थ्रेड

१/ संगणकाचा इतिहास बहुधा शोध लावणाऱ्यांच्या नावाने सांगितला जातो. आज तो उलट्या बाजूने पाहू. हातात स्क्रू ड्रायव्हर, खिशात खोडरबर आणि समोर बंद पडलेले यंत्र असलेल्या माणसाच्या बाजूने. महाराष्ट्राच्या संगणक-इतिहासाचा मोठा भाग या माणसाने घडवला आहे.

२/ सुरुवात सावद्यातून. रावेर तालुक्यातले केळीचे गाव. सावदा स्थानकातून केळी रेल्वेने दिल्लीकडे जात आली आहे. अशा गावातल्या एखाद्या घराच्या माळ्यावर, केळीच्या रिकाम्या खोक्यांमागे, पिवळट पडलेला एक कॅबिनेट हमखास सापडतो. आपण त्याला ‘सीपीयू’ म्हणतो. खरे तर सीपीयू हा त्यातला आगपेटीएवढा एक भाग, पण भारतभर अख्ख्या डब्याला तेच नाव पडले आणि आता ते कोणी बदलू शकत नाही.

३/ तो डबा भंगारवाला किलोवर घेतो. देण्यापूर्वी हा थ्रेड वाचा. त्या डब्यात तुमच्या गावाची १९९५ ते २००५ ही दहा वर्षे असण्याची शक्यता आहे आणि ती दुसरीकडे कुठेही नसण्याचीही.

४/ आधी थोडे मागे जाऊ. ‘जुने यंत्र दुरुस्त करून पुन्हा वापरणे’ ही आपण गरिबीतून काढलेली पळवाट आहे, असा एक समज आहे. प्रत्यक्षात भारतातल्या व्यावसायिक संगणकयुगाची सुरुवातच जुन्या यंत्रांनी झाली.

५/ १९६१ साली मुंबईत एस्सो या तेलकंपनीकडे आयबीएमचा १४०१ हा संगणक आला. पुढच्या वर्षांत आयबीएमने परदेशात वापरून झालेले १४०१ संगणक इथे आणले, नूतनीकरण करून ते भाड्याने दिले. ग्राहकाला यंत्र विकतच मिळत नसे. भाडे कंपनीचे आणि देखभालीचे ज्ञानही कंपनीचेच.

६/ १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी भागीदारी ४० टक्क्यांवर आणण्याची अट घातली. आयबीएमने ती मानली नाही आणि १९७८ मध्ये भारतातून काढता पाय घेतला. मग प्रश्न उभा राहिला : देशभर चालू असलेल्या त्या यंत्रांचे पुढे काय?

७/ ती जबाबदारी एका सरकारी कंपनीने उचलली. तिचे नाव पाहा : ‘कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन’, अर्थात सीएमसी. संगणक बनवणारी नव्हे, विकणारी नव्हे. नावातच देखभाल असलेली कंपनी. मूळ उत्पादक निघून गेल्यावरही यंत्रे चालू ठेवता येतात, हा धडा आपल्या अभियंत्यांनी तिथे गिरवला.

८/ एक छोटे विषयांतर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेल्या संगणकाला ‘टिफ्रॅक’ हे नाव जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी दिले. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. त्यांतली कोणती कधी मान टाकेल याचा नेम नसे.

९/ हेच नेहरू डिसेंबर १९३६ मध्ये सावद्याशेजारच्या फैजपुरात काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. नंदलाल बोस यांनी तिथली सजावट बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून उभी केली होती. हाताशी जे आहे त्यातून भागवण्याची रीत या परिसराला नवी नाही, एवढेच म्हणतो.

१०/ आता घराकडे वळू. १९८४ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने नवे संगणक धोरण आणले, आयात सैल झाली. १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ प्रकल्पाखाली सुरुवातीला २५० शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक पोहोचले. स्मृती ३२ किलोबाइट. आज तुमच्या भ्रमणध्वनीतला एक धूसर फोटोसुद्धा त्यात मावणार नाही.

११/ घरगुती संगणकांत मात्र सिंक्लेअर स्पेक्ट्रमची गंमत वेगळी होती. १९८२ चे हे ब्रिटिश यंत्र; पुढे डेसिबल्स या भारतीय कंपनीने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम’ नावाने ते इथे विकले. त्याला स्वतःचा पडदा नव्हता आणि डिस्कही नव्हती. घरातला दूरदर्शन संच हाच पडदा, गाण्यांचा टेपरेकॉर्डर हीच साठवण. म्हणजे घरातल्या जुन्या वस्तूंना नवे काम देणे हे त्या संगणकाच्या रचनेतच होते.

१२/ आणि बिघाडही तसेच. प्रोग्रॅम कॅसेटवर आवाजाच्या रूपात असे. टेपरेकॉर्डरचे हेड किंचित तिरके झाले की पाच मिनिटे किंचाळ्या ऐकून शेवटी ‘लोडिंग एरर’ येई. उपाय : हेडजवळचा बारीक स्क्रू अर्धा वळसा फिरवायचा, कान देऊन आवाज जास्तीत जास्त खणखणीत होईपर्यंत. संगणक कानाने दुरुस्त करणारी ती पिढी.

१३/ आता या इतिहासातले माझे आवडते पात्र. सातारा जिल्ह्यातले मूळ, पुण्यात वाढलेले कैलास काटकर. दहावीनंतर शिक्षण थांबले आणि ते पुण्यातल्या एका कॅल्क्युलेटर-दुरुस्तीच्या दुकानात लागले. १९९० च्या सुमारास अवघ्या १५,००० रुपयांच्या भांडवलावर मंगळवार पेठेत त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले.

१४/ कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता ते संगणकाच्या देखभालीकडे वळले. तिथे एक विचित्र गोष्ट दिसू लागली. यंत्राचा एकही भाग बिघडलेला नाही, तरी यंत्र चालत नाही. दोष विषाणूचा होता. फ्लॉपी एका यंत्रातून दुसऱ्यात फिरे आणि विषाणू तिच्याबरोबर जाई. आज दुरुस्त केलेले यंत्र पुढच्या आठवड्यात पुन्हा दारात.

१५/ धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी या विषाणूंवर उतारा देणारे छोटे प्रोग्रॅम लिहायला घेतले. त्यातून १९९५ मध्ये डॉससाठी ‘क्विक हील’ आले. २००७ मध्ये कंपनीने तेच नाव घेतले आणि २०१६ मध्ये तिचे समभाग बाजारात नोंदले गेले. एका मराठी माणसाच्या दुरुस्तीच्या टेबलावर उगवलेले हे उत्पादन. त्याच्याकडे ‘उद्योजकाची यशोगाथा’ म्हणून पाहिले जाते. मला ती आधी निदानाची गोष्ट वाटते. तोच तोच बिघाड पुन्हा येतोय, म्हणजे आपण लक्षण बरे करतोय, रोग नव्हे, हे ओळखण्याची.

१६/ १९९० च्या दशकात ‘असेंबल्ड’ संगणक आला आणि खेळ बदलला. ब्रँडेड यंत्र परवडत नसे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हे सुट्या भागांचे माहेर. खान्देशाला भुसावळ जंक्शनमुळे मुंबई एका रात्रीच्या अंतरावर. मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, एसएमपीएस : सगळे सुटे घ्यायचे आणि घरी जोडायचे.

१७/ जोडणाऱ्याला एक मंत्र पाठ असावा लागे : ‘काळ्याला काळी’. जुन्या एटी पद्धतीच्या वीजपुरवठ्यातून दोन सारखे कनेक्टर निघत. ते शेजारीशेजारी लावताना दोन्हींच्या काळ्या वायरी मध्यभागी आल्या पाहिजेत. उलटे लावले की मदरबोर्ड गेला. १९९५ मध्ये इंटेलने आणलेल्या एटीएक्स रचनेत एकच, उलटा न बसणारा कनेक्टर आला. अनेक मदरबोर्डांच्या बलिदानानंतर सुचलेले शहाणपण!

१८/ पडदा काळा राहिला तर? तेव्हा यंत्र शिट्टीने बोलत असे. अ‍ॅवॉर्ड बायोस असेल तर एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार. लांब शिट्टी पुन्हा पुन्हा वाजली तर रॅमची.

१९/ रॅमची तक्रार आली की कंपासपेटीतला खोडरबर बाहेर निघे. रॅमच्या कडेला असलेल्या धातूच्या पट्ट्यांवर धूळ आणि दमटपणाचा थर बसतो, संपर्क तुटतो. पांढऱ्या खोडरबराने त्या हलक्या हाताने पुसायच्या, कण झटकायचे, रॅम ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबून बसवायची. जादू वाटते, पण कारण साधे आहे. मात्र शाईचा खरबरीत खोडरबर वापरला तर सोन्याचा पातळ मुलामाच निघून जातो.

२०/ मग आला २६ एप्रिल १९९९. तैवानमधील चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला ‘सीआयएच’ विषाणू त्या दिवशी जागा झाला. चेर्नोबिल दुर्घटनेचीच तारीख, म्हणून तेच टोपणनाव. विंडोज ९५ आणि ९८ वरची यंत्रे त्याची शिकार होती. भारतातही मोठा फटका बसला.

२१/ सीआयएचचे वेगळेपण असे की तो केवळ हार्ड डिस्कचा आरंभीचा भाग पुसून थांबत नसे. काही मदरबोर्डांवरची बायोस चिपही तो खराब करी. बायोस म्हणजे यंत्राला जाग येण्याची पहिली सूचना. तीच पुसली तर पडदा काळा, शिट्टी नाही, काहीच नाही. सॉफ्टवेअरने हार्डवेअर मारल्यासारखे.

२२/ यावर दुरुस्तीवाल्यांनी वापरलेला उपाय ऐकून आजही अंगावर काटा येतो. तशाच मॉडेलचे चालू यंत्र घ्यायचे. ते सुरू करायचे. ते चालू असतानाच त्याची बायोस चिप अलगद उपटायची, कारण एव्हाना तिचे काम झालेले असते, आणि त्या जागी मेलेली चिप बसवून तिच्यात बायोस पुन्हा लिहायचा. हात एक मिलिमीटर घसरला तर दोन्ही यंत्रे गेली.

२३/ आतापर्यंतचे बिघाड जगभर सारखेच होते. आता खास आपले, खान्देशाचे. जळगाव जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. आणि २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमन भोगले आहे, दिवसदिवसभराचे. संगणकाचे तीन शत्रू : उष्णता, धूळ, वीज. तिन्ही एकाच घरात.

२४/ मदरबोर्डवर उभ्या नळकांड्यांसारखे कपॅसिटर असतात. वीजप्रवाहातले चढउतार गुळगुळीत करणे हे त्यांचे काम. आत द्रवरूप इलेक्ट्रोलाइट असतो. ठोकताळा असा की तापमान दर १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते. थंड देशात दहा वर्षे चालेल असा भाग पत्र्याच्या छताखाली, धुळीने गुदमरलेल्या पंख्याशेजारी किती टिकेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

२५/ त्यात सुमारे १९९९ ते २००७ या काळात जगभर सदोष कपॅसिटरांची साथच आली. विशेषतः तैवानमध्ये बनलेल्या मालात इलेक्ट्रोलाइटचे मिश्रण बिघडलेले होते. आत वायू साचे, डोके फुगे, तपकिरी द्रव बाहेर येई. इतिहासात तिला ‘कपॅसिटर प्लेग’ म्हणतात. त्या वर्षांतला बोर्ड तुमच्या माळ्यावर असेल तर आधी नळकांड्यांची डोकी पाहा. सपाट असतील तर नशीबवान आहात.

२६/ फुगलेला कपॅसिटर बदलता येतो. मायक्रोफॅरॅडचा आकडा तोच, व्होल्टची मर्यादा तेवढी किंवा जास्त, आणि मदरबोर्डसाठी कमी अंतर्गत रोध असलेला प्रकार. अंगावर पट्टी असलेली बाजू ऋण. काही रुपयांच्या भागापायी हजारोंचा बोर्ड भंगारात गेला, असे घरोघर घडले असणार, कारण ‘मदरबोर्ड गेला’ या दोन शब्दांवर प्रश्न विचारायचा असतो हेच कोणाला माहीत नव्हते.

२७/ आणखी एक ओळखीचा अनुभव : कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या. घरचे म्हणत, ‘चप्पल घालून बस.’ याचे कारण एसएमपीएसच्या आत असते. त्यात उच्च वारंवारतेचा गोंगाट जमिनीत सोडण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात. घराला अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे धातूच्या डब्यावर सुमारे ११५ व्होल्ट येऊन बसतात. प्रवाह अगदी अल्प म्हणून नुसत्या मुंग्या येतात. यंत्र निर्दोष असते, दोष घराचा. चप्पल हा उपाय नव्हे. मीठ-कोळशाचा खड्डा करून नीट अर्थिंग घेणे हा उपाय. तिसरी पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटात प्लग खुपसणाऱ्या आपल्या पिढीने हे उशिरा शिकले.

२८/ एसएमपीएसच्या पाठीमागे २३० आणि ११५ असा लाल खटका असे. लहानपणी मी तो ‘काय होते पाहू’ म्हणून सरकवला होता. मोठा आवाज झाला, जळका वास आला आणि आठवडाभर घरात माझ्याशी कोणी बोलले नाही. २३० व्होल्टच्या देशात त्या खटक्यावर चिकटपट्टी लावणे हेच शहाणपण.

२९/ भारनियमनावर यूपीएस आला. त्यातली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची छोटी बॅटरी दहा-पंधरा मिनिटे टिके. मग लोकांनी युक्ती काढली : मोठी बॅटरी जोडायची. संगणक तासभर चालू लागला, पण यूपीएसचा ट्रान्सफॉर्मर दहा मिनिटांच्या कामासाठी घडवलेला. तो तापून जळे. जुगाडाचे कौतुक करताना जळलेल्या यूपीएसचीही मोजदाद ठेवावी.

३०/ आता माळ्यावरून डबा खाली काढलाच असेल तर काय कामाला येईल? एटीएक्स एसएमपीएसची हिरवी वायर काळीला जोडली की तो मदरबोर्डाशिवायही सुरू होतो. १२ आणि ५ व्होल्टचा भक्कम पुरवठा हाती येतो. एलईडी पट्टी, छोटा पंखा, शाळेतले प्रयोग यांना उत्तम. मात्र त्याने १२ व्होल्टची बॅटरी नीट भरत नाही, कारण तिला सुमारे १३.८ व्होल्ट लागतात.

३१/ दोन गोष्टी उघडू नका. एसएमपीएसच्या आत, वीज काढल्यावरही काही काळ ३०० व्होल्टहून अधिक दाब साठलेला असतो. आणि काचेच्या जुन्या जाड मॉनिटरमध्ये तो २०,००० व्होल्टच्या पलीकडे जातो. शिवाय त्या काचेत शिसे आहे. मॉनिटर फोडून तांबे काढणारे हात पाहिलेत ना? ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून लागू आहेत. मॉनिटर अधिकृत संकलकाकडेच द्या.

३२/ पण इतिहासप्रेमींसाठी खरा ऐवज हार्ड डिस्क आहे. इथे थोडा वेळ थांबू.

३३/ संगणकावर मराठी कशी आली, हेच मुळात जुन्या यंत्राला नवे काम लावण्याचे उदाहरण. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी पुढे नेले. त्यातून ‘जिस्ट कार्ड’ आले. इंग्रजीपुरते बनलेल्या साध्या पीसीच्या खाचेत ते बसवायचे, की तोच डॉसचा प्रोग्रॅम देवनागरी दाखवू लागे. यंत्र बदलावे लागत नसे, लिपीच एका कार्डावर बसून येई.

३४/ पुढे विंडोज आले आणि श्री-लिपी, आकृती, आयएसएम यांचे फाँट घरोघरीच्या डीटीपी-केंद्रांत रुजले. पेजमेकर उघडायचे आणि लग्नपत्रिका, संस्थांचे वार्षिक अहवाल, यात्रेची पत्रके, गावच्या स्मरणिका जुळवायच्या. मात्र या फाँटांत प्रत्येकाचा संकेत वेगळा. संगणकाच्या दृष्टीने तिथे ‘क’ नव्हताच. एखादे रोमन चिन्ह होते, ज्याच्यावर ‘क’चे चित्र चिकटवलेले होते.

३५/ युनिकोडमध्ये देवनागरीला स्थान १९९१ पासून आहे, पण विंडोजमध्ये ती नीट उमटू लागली विंडोज २००० पासून, आणि लोकांच्या सवयी बदलायला त्यानंतरही वर्षे गेली. म्हणून त्या काळातली फाइल आज उघडली तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक ढीग दिसतो. लोकांना वाटते फाइल सडली. ती सडलेली नसते. तिची किल्ली, म्हणजे तो फाँट, हरवलेला असतो. आणि ती किल्ली बहुतेक वेळा त्याच डिस्कवर, विंडोजच्या ‘फाँट्स’ फोल्डरात पडून असते.

३६/ म्हणून हा डबा फेकला की केवळ पत्रा जात नाही; कुलूप आणि किल्ली दोन्ही जातात. आपण मोडीचा कागद दिसला की धावतो, फोटो काढतो, वाचणारा शोधतो. तीनशे वर्षांचा कागद टिकला आहे. पंचवीस वर्षांची डिस्क टिकेल याची हमी नाही.

३७/ काय करावे : सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कुतूहलापोटी जुना संगणक एकदम सुरू करू नका. विंडोज चालू झाले की ते डिस्कवर लिहू लागते, आणि थकलेली डिस्क त्यातच प्राण सोडते. डिस्क काढा. ४० पिनांची, रुंद पट्टीसारख्या केबलची असेल तर ती आयडीई. तिच्यासाठी यूएसबीला जोडणारा अ‍ॅडॅप्टर मिळतो. डिस्कमागचा छोटा जंपर ‘मास्टर’वर ठेवा.

३८/ लिनक्सवरचा ‘डीडी-रेस्क्यू’ हा मोफत प्रोग्रॅम संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रतिमा काढतो. आधी वाचता येणारा भाग पटकन उचलतो, रुसलेले भाग शेवटी पुन्हा पुन्हा वाचून पाहतो. पुढचे सगळे उत्खनन त्या प्रतिमेवर करायचे, मूळ डिस्कवर नाही. ‘फॉरमॅट करायचे का?’ असा प्रश्न पडद्यावर आला तर उत्तर एकच : नाही. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर तिथेच थांबा आणि जाणकाराकडे द्या.

३९/ बोर्ड ३८६ किंवा ४८६ च्या काळातला असेल तर त्यावर निळसर पिंपासारखी छोटी बॅटरी पाहा. ती गळते आणि तांब्याच्या रेषा खाते. गळालेला द्रव अल्कधर्मी असतो, म्हणून कापसावर थोडे व्हिनेगर घेऊन पुसायचे, मग स्पिरिटने स्वच्छ करायचे. नंतरच्या बोर्डांवर नाण्याएवढी सीआर २०३२ असते. ती संपली की तारीख मागे जाते, एवढेच.

४०/ बोर्ड जिवंत निघाला तर त्याला भंगारात घालू नका. फ्लॉपी ड्राइव्ह आणि आयडीईची खाच असलेले चालू यंत्र आता दुर्मिळ होत चालले आहे. ‘पपी लिनक्स’सारखी हलकी प्रणाली, जुने फाँट आणि एक फ्लॉपी ड्राइव्ह एवढ्यावर तो डबा गावाच्या वाचनालयात जुन्या फाइली वाचण्याचे यंत्र म्हणून उभा राहू शकतो. नवा लॅपटॉप कितीही महाग घ्या, फ्लॉपी तो वाचत नाही.

४१/ प्रतिमा काढून झाली की डिस्कवर कागद चिकटवा : कोणाच्या घरातली, कोणत्या वर्षाची, कोणत्या कामाची, कोणते फाँट. आणि खासगी फाइलींबाबत घरच्यांची परवानगी आधी घ्या. बायकामुलांचे फोटो आणि व्यापाऱ्याची उधारी सार्वजनिक इतिहास नव्हे.

४२/ सावदा, फैजपूर, रावेर, यावल, भुसावळ इथले कोणी वाचत असेल तर एक विनंती. गावात १९९० च्या दशकात डीटीपीचे दुकान चालवलेली व्यक्ती शोधा आणि त्यांना जुन्या डिस्क, फ्लॉपी, सीडी यांबद्दल विचारा. काय सापडले ते इथे खाली लिहा. फाँट ओळखता आला नाही तर पहिल्या दोन ओळींचा फोटो टाका, मिळून लावू.